पाच स्तंभांचे चित्र : इस्लामच्या शालेय परिचयातील दृश्य उपक्रमांची समीक्षा

१

धर्माची दीक्षा आणि धर्माचा अभ्यास या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तत्त्व आज अनेक राष्ट्रांच्या शिक्षणव्यवस्थांनी कमीअधिक स्पष्टपणे स्वीकारलेले आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली ॲबिंग्टन शाळामंडळाच्या खटल्यात सरकारी शाळांतील बायबलवाचनाचा नित्यविधी घटनाबाह्य ठरविला. परंतु लौकिक शिक्षणक्रमाचा भाग म्हणून धर्माचा वस्तुनिष्ठ अभ्यास करण्यास घटनेचा अडथळा नाही, असेही त्याच निकालात नमूद केले. इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षणकायद्याने धर्मशिक्षण अनिवार्य केले होते, आणि व्यवहारात ते ख्रिस्ती धर्माचेच असे. १९७५ च्या बर्मिंगहॅम अभ्यासक्रमात इतर धर्मांना ठळक स्थान मिळाले, आणि १९८८ च्या कायद्याने देशातील इतर प्रमुख धर्मांची शिकवण व आचार यांची दखल घेणे अभ्यासक्रमांवर बंधनकारक केले. भारतात संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाने पूर्णतः शासकीय निधीवर चालणाऱ्या संस्थांत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केलेली आहे. तथापि कोठारी आयोगाने (१९६४–६६) धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत भेद करून दुसऱ्याची शिफारस केली, आणि २००२ साली अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हा भेद ग्राह्य मानला.

तत्त्व मान्य होणे वेगळे आणि ते वर्गात उतरविणे वेगळे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना एखाद्या अपरिचित धर्माची ओळख करून द्यावयाची, तीही इतिहास अथवा भूगोल या विषयाच्या मोजक्या तासिकांत, म्हटल्यावर शिक्षकाचा हात स्वाभाविकपणेच दृश्य साधनांकडे वळतो. इस्लामच्या बाबतीत इंग्रजी भाषक देशांतील शाळांमध्ये अशा साधनांचा एक ठरीव संच तयार झालेला आढळतो : पाच स्तंभांवर उभारलेल्या इमारतीचे चित्र, पुठ्ठ्याचा काबा, मशिदीचा नावे घातलेला आराखडा, कंपासने काढावयाची भौमितिक नक्षी, अरबी अक्षरांची नक्कल, चांद्रमासांचे वर्तुळ. ही साधने निरुपद्रवी समजली जातात. पाठ्यपुस्तकातील मजकुराची जशी चिकित्सा होते तशी यांची क्वचितच होते. परंतु कागदावर काढलेली आकृती हेही एक विधानच असते. ते विधान बरोबर आहे काय, कोणाच्या वतीने केलेले आहे, आणि ते करताना विद्यार्थ्याला कोणत्या भूमिकेत उभे केले जाते, हे तीन प्रश्न प्रत्येक दृश्य उपक्रमाला विचारता येतात. प्रस्तुत लेखात हेच प्रश्न काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे तपासावयाचे आहेत.

२

प्रथम पाच स्तंभांचे चित्र घेऊ. वर त्रिकोणी छप्पर, त्यावर ‘इस्लाम’ हे नाव, आणि त्याखाली सारख्या उंचीचे, सारख्या जाडीचे पाच खांब : शहादा, नमाज, जकात, रोजा, हज. विद्यार्थ्याने खांब रंगवावेत व प्रत्येकाखाली एक वाक्य लिहावे, अशी अपेक्षा असते. इमारतीचा हा घाट ग्रीक देवालयाचा आहे ही गंमतीची गोष्ट सोडून दिली, तरी चित्राच्या रचनेतून जो अर्थ निघतो तो तपासण्याजोगा आहे.

या रूपकाचे मूळ हदीस वाङ्मयात आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत इब्न उमर यांच्याकडून आलेल्या एका हदीसमध्ये इस्लामची उभारणी पाच गोष्टींवर झाल्याचे सांगितलेले आहे. तेथे उभारणीची कल्पना आहे, संख्या आहे. ‘स्तंभ’ हा शब्द मात्र नाही. तो नंतरच्या शास्त्रीय परिभाषेने रूढ केला. परंतु याच परंपरेतील दुसरी एक प्रसिद्ध हदीस, जिला जिब्रीलची हदीस म्हणतात, ती अधिक व्यापक मांडणी करते. तीत देवदूत प्रश्न विचारतो आणि पैगंबर उत्तर देतात. इस्लाम म्हणजे काय या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात हेच पाच आचार येतात. पुढे ईमान म्हणजे काय या प्रश्नाला ईश्वर, देवदूत, ग्रंथ, प्रेषित, अंतिम दिन आणि दैवी योजना यांवरील श्रद्धा हे उत्तर मिळते. आणि एहसान म्हणजे काय या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर उपासकाच्या अंतःकरणाच्या अवस्थेविषयी आहे. म्हणजे परंपरेने स्वतःच आचार, श्रद्धा आणि आंतरिक उत्कटता अशा तीन पायऱ्या मांडल्या असताना शाळेतील चित्र पहिलीच पायरी उचलते आणि तिला संपूर्ण वास्तूचे नाव देते. ज्या विद्यार्थ्याच्या हाती एवढेच चित्र येते, त्याच्या मनात इस्लाम हा पाच नियमांचा धर्म ठरतो. त्या नियमांमागे विश्वाविषयी व मानवाविषयी काही विचार आहे, याचा त्याला पत्ता लागत नाही.

दुसरा दोष समानतेचा. चित्रातले पाचही खांब सारखे आहेत. धर्मशास्त्रात ते तसे नाहीत. ईश्वराचे एकत्व आणि मुहम्मदांचे प्रेषितत्व यांची ग्वाही ही इतर चारांची पूर्वअट होय. नमाज दररोज पाच वेळा आहे. रोजे वर्षातून एक महिना आहेत, आणि आजारी, प्रवासी, गर्भवती अशांना त्यांत सवलत आहे. जकात ठराविक मर्यादेपेक्षा अधिक संपत्ती असणाऱ्यावरच बंधनकारक आहे. हज आयुष्यात एकदा, आणि तेही ज्याला प्रवासाचे सामर्थ्य व साधन आहे त्यालाच. चित्राच्या तर्काने पाहिले, तर जो गरीब मनुष्य कधी मक्केला गेला नाही त्याच्या घराचा एक खांब पडलेला आहे, असा निष्कर्ष मूल काढील. आणि तो निष्कर्ष मुसलमानांच्या दृष्टीने पूर्णपणे चुकीचा असेल. ज्या सवलती व अटी शास्त्रकारांनी शतकानुशतके चर्चा करून ठरविल्या, त्यांनाच या आकृतीत जागा नाही.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे, कारण तो गप्प राहून घडतो. पाच ही संख्या सर्व मुसलमानांची नाही. इस्ना अशरी शिया परंपरा धर्माची पाच मूलतत्त्वे सांगते, ती अशी : ईश्वराचे एकत्व, त्याचा न्याय, प्रेषितत्व, इमामत आणि पुनरुत्थान, आणि आचार यांहून वेगळे, बहुधा दहा, मोजते. इस्माइली परंपरेत स्तंभ सात आहेत. त्यांत इमामावरील निष्ठा हा पहिला असून शुद्धी व जिहाद यांचाही समावेश होतो. दहाव्या शतकातील फातिमी न्यायाधीश काझी नुअमान (मृत्यू ९७४) यांच्या ‘दआइमुल इस्लाम’ या ग्रंथाचे नावच ‘इस्लामचे स्तंभ’ असे आहे, आणि तो आजही दाऊदी बोहरा समाजाचा प्रमाण विधिग्रंथ होय. या ग्रंथाची अरबी संहिता मुंबईचे कायदेपंडित आसफ ए. ए. फैजी (१८९९–१९८१) यांनी संपादित केली आणि ती १९५१ व १९६० साली कैरोहून दोन खंडांत प्रसिद्ध झाली. त्यांचे इंग्रजी भाषांतर इस्माइल पूनावाला यांच्या संस्करणासह २००२ आणि २००४ साली नवी दिल्लीहून निघाले. स्तंभ किती, या प्रश्नाचे एकाहून अधिक उत्तर आहे, हे दाखविणारा आधार मराठी अभ्यासकांच्या अगदी निकट, मुंबईतच सिद्ध झालेला असावा ही लक्षणीय गोष्ट आहे. ज्या वर्गात बोहरा अथवा खोजा कुटुंबातील मूल बसलेले आहे, त्या वर्गात पाच खांबांचे चित्र त्या मुलाला त्याच्याच धर्माचे अपूर्ण उदाहरण ठरविते.

यावरून ते चित्र टाकून द्यावे असे मुळीच सिद्ध होत नाही. बहुसंख्य सुन्नी मुसलमान आपल्या धर्माचा सारांश असाच सांगतात, आणि आरंभासाठी सारांश लागतोच. प्रश्न एवढाच की, चित्र पूर्ण झाले की तासिका संपते, की तेथून सुरू होते. ‘सर्व खांब सारखे का नाहीत?’, ‘कोणाच्या इमारतीत सात खांब आहेत?’, ‘इमारतीच्या आत काय आहे?’ हे प्रश्न ज्या वर्गात विचारले जातात, तेथे तेच सदोष चित्र उत्तम साधन होते.

३

दृश्य उपक्रमांचा दुसरा प्रकार अनुकरणाचा. यात विद्यार्थी आकृती पाहत वा रंगवीत नाही. तो स्वतःच आकृतीचा भाग होतो. या प्रकाराची मर्यादा कोठे आहे, याविषयी अमेरिकेतील तीन प्रकरणे विचार करण्याजोगी आहेत.

कॅलिफोर्निया राज्यातील बायरन येथील एका शाळेत २००१ साली सातवीच्या जागतिक इतिहासाच्या वर्गात इस्लामचा भाग अभिनयाच्या पद्धतीने शिकविण्यात आला. विद्यार्थ्यांनी मुस्लिम नावे घेणे, प्रार्थनेतील काही वाक्ये म्हणणे, आवडीची एखादी गोष्ट काही काळ वर्ज्य करून उपवासाची कल्पना घेणे, असे त्याचे स्वरूप होते. पालकांनी दावा लावला. जिल्हा न्यायालयाने २००३ साली व अपील न्यायालयाने २००५ साली शाळेच्या बाजूने निर्णय दिला. हे उपक्रम म्हणजे प्रत्यक्ष धार्मिक आचरण नव्हे, असे अपील न्यायालयाचे मत पडले. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकरणात लक्ष घालण्यास नकार दिला.

व्हर्जिनिया राज्यातील ऑगस्टा परगण्यात डिसेंबर २०१५ मध्ये जागतिक भूगोलाच्या वर्गात अरबी सुलेखनाचा परिचय म्हणून विद्यार्थ्यांना एक नमुना हाताने उतरविण्यास देण्यात आला. तो नमुना शहादाचा होता. विद्यार्थ्यांना त्याचा अर्थ सांगितलेला नव्हता, तो उच्चारण्यासही सांगितलेले नव्हते. अक्षरांची गुंतागुंत अनुभवावी एवढाच हेतू होता, आणि हा पाठ शिक्षकांसाठी छापलेल्या एका प्रचलित पुस्तकातून घेतलेला होता. पालकांचा क्षोभ व देशभरातून आलेले संदेश यांमुळे १८ डिसेंबर रोजी परगण्यातील सर्व शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुढे सुलेखनासाठी धर्माशी संबंध नसलेला नमुना वापरण्यात येईल, असे अधिकाऱ्यांनी जाहीर केले.

मेरीलँड राज्यातील ला प्लाटा येथील शाळेत २०१४–१५ साली अकरावीच्या विद्यार्थ्यांना गाळलेल्या जागा भरावयाच्या कागदात शहादातील शब्द लिहावयाचे होते. त्याच पाठातील एका पारदर्शिकेवर मुसलमानांची श्रद्धा सर्वसामान्य ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेपेक्षा अधिक दृढ असते, अशा आशयाचे तुलनात्मक विधान होते. अपील न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये शाळेच्या बाजूने निर्णय दिला, व त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

ही तिन्ही प्रकरणे लोकचर्चेत एकाच प्रश्नाभोवती फिरली : मुलांवर धर्म लादला गेला काय? दोन प्रकरणांत न्यायालयांनी याचे उत्तर नकारार्थी दिले, आणि कायद्याच्या दृष्टीने ते पुरेसे आहे. परंतु अध्यापनाच्या दृष्टीने हा प्रश्न पुरेसा नाही. घटनेच्या कसोटीला उतरलेला पाठ शिक्षणाच्या कसोटीला उतरेलच असे नाही, आणि वादात सापडलेला पाठ निकृष्टच असतो असेही नाही. तिन्ही उपक्रम स्वतंत्रपणे तपासले की त्यांचे मूल्य परस्परांहून फार वेगळे दिसू लागते.

ला प्लाटा येथील रिकाम्या जागांचा कागद वस्तुतः तिघांत सर्वांत निर्दोष होता. मुसलमान कशाची ग्वाही देतात, हे ठाऊक असणे हा माहितीचा भाग आहे. ते शब्द मुसलमानांचे म्हणून लिहिणे आणि ते आपले म्हणून उच्चारणे यांतील अंतर अकरावीच्या मुलाला समजते. खरा दोष पारदर्शिकेवरील तुलनेत होता. श्रद्धेची दृढता मोजण्याचे माप कोणते, ‘सर्वसामान्य ख्रिस्ती’ कोण, हे काहीही न सांगता केलेले ते विधान ज्ञान या पदवीस पात्र नाही. दृश्य साधने धोक्याची आणि शब्द सुरक्षित, असा जो समज आहे तो या उदाहरणाने खोटा ठरतो.

ऑगस्टा येथील सुलेखनाचा विचार याच्या उलट दिशेने करावा लागतो. त्यावर आक्षेप घेणाऱ्यांना वाटले की, मुलांकडून श्रद्धावचन लिहवून घेतले. समर्थन करणाऱ्यांनी सांगितले की, मुलांना त्याचा अर्थच माहीत नव्हता, तेव्हा बाधा कसली? परंतु हे समर्थनच त्या पाठावरील सर्वांत कठोर टीका होय. ज्या वाक्यासाठी एक समाज जगतो व मरतो, ते वाक्य वळणदार रेघांचा नमुना म्हणून समोर ठेवावयाचे आणि त्याचा अर्थ सांगावयाचा नाही, यात धर्माचाही अभ्यास नाही आणि सुलेखनाचाही नाही. अर्थ सांगितला असता तर तो इस्लामचा पाठ झाला असता. अक्षरांचे शास्त्र सांगितले असते तर तो कलेचा पाठ झाला असता. दोन्ही वगळल्यावर हाती राहिली ती नुसती आकृती, आणि तिच्यासाठी शाळा बंद पडल्या.

बायरन येथील अभिनयात प्रश्न आणखी निराळा आहे. उपवासाची ‘कल्पना’ यावी म्हणून एखादी आवडती वस्तू सोडण्यात अनुभवाची एक पुसट सावली सापडते. परंतु रोजा म्हणजे केवळ वर्ज्य करणे नव्हे. समाजाने एकत्र उठणे, एकत्र थांबणे, सूर्यास्ताला एकत्र उपवास सोडणे, हे त्याचे सामूहिक अंग त्या अनुकरणातून निसटते. शिवाय ज्याचे नाव जन्मतःच मुस्लिम आहे असा विद्यार्थी अशा वर्गात काय करतो, हा प्रश्न उपक्रम आखणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. इतरांसाठी जे नाटक आहे ते त्याचे घर आहे. त्याच्या घरातील गोष्ट इतरांनी वेशभूषेसारखी चढवावी आणि तास संपताच उतरवावी, यात उपहास नसेलही. परंतु त्याला एकाएकी नमुन्याचे स्थान मिळते, आणि ते त्याने मागितलेले नसते.

४

चित्रांचा विचार करताना एक प्रश्न टाळता येत नाही : पैगंबरांचे चित्र वर्गात दाखवावे काय? अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील हॅमलाइन विद्यापीठात ऑक्टोबर २०२२ मध्ये कलेतिहासाच्या एका वर्गात चौदाव्या शतकाच्या आरंभीचे एक इराणी चित्र दाखविण्यात आले. इल्खानी दरबारचा मंत्री रशीदुद्दीन याच्या ‘जामिउत्तवारीख’ या इतिहासग्रंथातील हे चित्र असून त्यात जिब्रीलकडून पैगंबरांना होणारे प्रकटीकरण रंगविलेले आहे. ग्रंथाची ती प्रत आज एडिंबरा विद्यापीठात आहे. अध्यापिकेने पूर्वसूचना दिली होती आणि ज्यांना पाहावयाचे नाही त्यांना मोकळीक ठेवली होती. तरीही तक्रार झाली, व्यवस्थापनाने ही कृती इस्लामद्वेषी ठरविली, आणि अध्यापिकेला पुढील सत्रासाठी नियुक्ती मिळाली नाही. त्यानंतर अमेरिकेतील एका प्रमुख मुस्लिम संघटनेने अध्यापिकेचा पक्ष उचलून धरला, आणि जानेवारी २०२३ मध्ये विद्यापीठानेही तो शब्दप्रयोग सदोष असल्याचे मान्य केले.

या प्रकरणात दोन वेगळे हक्क एकमेकांसमोर आले. अनेक मुसलमान पैगंबरांची प्रतिमा पाहणे टाळतात. हा त्यांच्या श्रद्धेचा प्रामाणिक भाग आहे. त्याचवेळी ते चित्र मुसलमानांनीच, मुसलमान वाचकांसाठी, आदरभावाने काढलेले आहे; ही इतिहासाची वस्तुस्थिती आहे. कुराणात चित्रकलेवर स्पष्ट बंदी नाही. प्रतिमांविषयीची नापसंती मुख्यतः हदीसमध्ये येते, आणि तिचा अर्थ देशकालानुसार निरनिराळा लावला गेला. इराण, तुर्कस्तान आणि मोगल भारत यांतील लघुचित्रांचा समृद्ध वारसा याच मतभेदांच्या अवकाशात निर्माण झाला. ‘इस्लाममध्ये चित्र निषिद्ध’ हे एकच वाक्य शिकविणारा शिक्षक मुसलमानांच्या एका मताला संपूर्ण मुस्लिम इतिहासावर अधिकार देतो. आणि मोकळीक न देता चित्र समोर ठेवणारा शिक्षक वर्गातील विद्यार्थ्याच्या मनाची पर्वा करीत नाही. येथे पदव्युत्तर वर्ग आणि शाळेचा वर्ग यांत भेद करणे इष्ट आहे. प्रौढ विद्यार्थ्याला पाहण्याचा अथवा न पाहण्याचा निर्णय घेता येतो. बारा वर्षांच्या मुलाला वर्गासमक्ष उठून बाहेर जाणे ही मोकळीक वाटत नाही, शिक्षा वाटते. शाळेत मतभेदाचा इतिहास शब्दांनी सांगावा, विद्यापीठात तो प्रत्यक्ष चित्रासह अभ्यासावा, ही मर्यादा सयुक्तिक दिसते. तीमुळे सत्य लपविले जात नाही व कोणाची अवहेलनाही होत नाही.

५

आतापर्यंतचे विवेचन दोषदिग्दर्शनाचे झाले. परंतु समीक्षेने चांगले कोणते हेही सांगितले पाहिजे. इस्लामच्या प्राथमिक परिचयात असे दृश्य उपक्रम सुचविता येतात की, जे करताना हाताला काम मिळते आणि हातानेच बुद्धीपुढे प्रश्न उभा राहतो.

जकातीचे उदाहरण पाहावे. चाळीस मणी मांडून त्यांतील एक बाजूला काढला, की अडीच टक्के म्हणजे किती हे मूल कधी विसरत नाही. पण तेवढ्यावर थांबू नये. भारतातील हनफी परंपरेत साडेसात तोळे सोने अथवा साडेबावन्न तोळे चांदी ही मर्यादा मानतात, आणि ती संपत्ती एक चांद्रवर्ष हाती असावी लागते. मग ज्याच्याजवळ पाचच मणी आहेत त्याने काय द्यावयाचे? शेतीच्या उत्पन्नावर पावसाच्या पाण्याने पिकल्यास दहावा हिस्सा आणि कष्टाने पाणी दिल्यास विसावा, असा भेद का केला? ज्यांना जकात द्यावयाची त्यांचे आठ वर्ग कुराणाच्या नवव्या सूरेत सांगितले आहेत. बाजूला काढलेला मणी त्यांपैकी कोणाकडे जावा? मण्यांचा हा खेळ पाहता पाहता न्याय, श्रम आणि मालकी यांविषयीच्या विचारापर्यंत पोहोचतो. नुसत्या खांबावर ‘दानधर्म’ असे लिहिल्याने हे घडत नाही.

दुसरे उदाहरण कालगणनेचे. बारा चांद्रमासांचे एक वर्तुळ आणि सौरवर्षाचे दुसरे, अशी दोन कागदी चक्रे एकमेकांवर फिरवून पाहिल्यास दोहोंत दरवर्षी सुमारे अकरा दिवसांचे अंतर पडते असे दिसते. रमजानचा आरंभ २००० साली नोव्हेंबरच्या अखेरीस झाला, २०१५ साली जूनच्या मध्यानंतर, आणि २०२५ साली मार्चच्या प्रारंभी. सुमारे तेहतीस वर्षांत तो सर्व ऋतूंतून फिरून येतो. मराठी विद्यार्थ्याला याची तुलना घरच्या पंचांगाशी करता येईल. तेथेही महिने चंद्राचेच आहेत. परंतु अधिक मास घालून वर्ष ऋतूंशी जुळवून घेतलेले असल्याने दिवाळी कधी उन्हाळ्यात येत नाही. इस्लामी पंचांगात मात्र अधिक मासाला जागा नाही. नवव्या सूरेतच महिने बारा असल्याचे सांगून महिने मागेपुढे करण्याच्या अरबी प्रथेचा निषेध केलेला आहे. एकच आकाश पाहून दोन समाजांनी दोन निर्णय घेतले, हे त्या कागदी चक्रांतून हाताने फिरवून कळते. कोणता निर्णय श्रेष्ठ, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही.

तिसरे उदाहरण किब्ल्याचे. भिंतीवरच्या सपाट नकाशावर न्यूयॉर्कहून मक्केकडे रेघ ओढली तर ती आग्नेयेकडे जाते. पृथ्वीगोलावर त्याच दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणला तर तो न्यूयॉर्कहून ईशान्येकडे निघतो. विद्यार्थी चकित होतो, आणि चकित होणे हा ज्ञानाचा आरंभ आहे. याच प्रश्नाने अल्-बिरूनीला गझनी शहराची दिशा निश्चित करण्यास प्रवृत्त केले. नगरांची स्थाने ठरविण्याविषयीचा त्याचा ग्रंथ १०२५ साली पूर्ण झाला. प्रार्थनेच्या दिशेच्या शोधातून गोलीय त्रिकोणमितीला चालना मिळाली, हे सांगणारा धडा एखाद्या पुठ्ठ्याच्या काब्यापेक्षा कितीतरी अधिक इस्लामचा आणि कितीतरी अधिक सुरक्षित आहे.

सुलेखनाचाही त्याग करण्याचे कारण नाही. बगदादचा मंत्री इब्न मुक्ला (मृत्यू ९४०) याच्या नावाशी अक्षरांच्या प्रमाणबद्धतेचे जे शास्त्र जोडलेले आहे, त्यात बोरूच्या टोकाने काढलेला चौकोनी ठिपका हे माप असते, आणि त्या ठिपक्यांच्या संख्येवर ‘अलिफ’ची उंची ठरते. विद्यार्थ्याने एक अलिफ आणि त्याच्या शेजारी ठिपके काढून पाहिले, तर अक्षर हे मोजमापाने बांधलेले असते हे त्याला उमगते. त्यानंतर जेरुसलेम येथील कुब्बतुस्सख्रा या वास्तूतील, सातव्या शतकाच्या अखेरचा लेख अर्थासह दाखवावा. म्हणजे लिपी, कला आणि श्रद्धा यांचा संबंध एकदम स्पष्ट होतो. येथे श्रद्धावचन आलेच, तरी ते भिंतीवर, आपल्या काळात, आपल्या लोकांचे म्हणून येते. विद्यार्थ्याच्या वहीत अनाथ होऊन येत नाही.

६

या उदाहरणांच्या मागे धर्माभ्यासाच्या क्षेत्रातील एक सैद्धांतिक परंपरा आहे. लँकेस्टर विद्यापीठात १९६७ साली धर्माभ्यासाचा स्वतंत्र विभाग उभारणाऱ्या निनियन स्मार्ट यांनी धर्माची अनेक अंगे सांगितली : विधी, पुराणकथा, सिद्धान्त, नीती, समाज, अनुभव, पुढे त्यांत त्यांनी भौतिक वस्तूंच्या अंगाची भर घातली. शालेय दृश्य उपक्रम बहुधा विधी आणि वस्तू या दोनच अंगांना धरून असतात, कारण तीच डोळ्यांना दिसतात. स्मार्ट यांच्या मांडणीचा शालेय अर्थ असा की, दिसणाऱ्या अंगापासून आरंभ करून न दिसणाऱ्या अंगाकडे जाणे हे साधनाचे काम आहे. वॉरिक विद्यापीठातील रॉबर्ट जॅक्सन यांनी १९९७ साली मांडलेली अर्थबोधाची पद्धती याच्या पुढे जाते. धर्म हे एकजिनसी गाठोडे नसून व्यक्ती, तिचा गट आणि व्यापक परंपरा अशा तीन पातळ्यांवर तो निरनिराळा दिसतो, हे प्रतिपादन तीत केंद्रस्थानी आहे. पाच खांबांच्या चित्राला जो अपुरेपणा चिकटलेला आहे त्याचे मूळ येथे सापडते : ते केवळ तिसऱ्या पातळीचे चित्र आहे, आणि त्यातही एकाच प्रवाहाचे.

महाराष्ट्राच्या संदर्भात या विवेचनाला विशेष अर्थ आहे. येथील वर्गात कोकणातील शाफिई, देशावरील हनफी, मुंबईतील बोहरा व खोजा अशा भिन्न परंपरांतील मुले शेजारी बसलेली असतात, आणि त्यांच्याभोवती बहुसंख्य मुले अशी असतात की, ज्यांना या भेदांचा गंधही नसतो. इतिहासाच्या पुस्तकातून त्यांना सुलतान आणि लढाया भेटतात. धर्म भेटतो तो शेजारच्या बांगेतून किंवा वर्तमानपत्रातील बातमीतून. कोठारी आयोगाने ज्या शिक्षणाची शिफारस केली त्याची जागा अशा रीतीने रिकामी राहते, आणि रिकामी जागा फार काळ रिकामी राहत नाही. अफवा ती भरून काढतात. ती ज्ञानाने भरावयाची तर दृश्य उपक्रम उपयोगी पडतील. मात्र ते उचलून आणलेले नसावेत.

अशा उपक्रमाची निवड करताना तीन कसोट्या पुरेशा आहेत. पहिली, आकृती काय वगळते हे शिक्षकाला ठाऊक असावे आणि ते त्याने वर्गात सांगावे. दुसरी, प्रत्येक विधानाला कर्ता असावा : ‘अमुक मुसलमान असे मानतात’ या वाक्यातील ‘अमुक’ हा शब्द टाकाऊ नाही, तोच सत्याचा आधार आहे. तिसरी, विद्यार्थ्याचा हात मोजमाप करणाराचा, तुलना करणाराचा, विचारणाराचा असावा. उपासकाच्या जागी उभे राहण्याची सक्ती त्याच्यावर नसावी, आणि जो स्वतः उपासक आहे त्याच्यावर प्रदर्शनाची वस्तू होण्याची पाळी येऊ नये. या कसोट्या इस्लामपुरत्या मर्यादित नाहीत. आपल्या स्वतःच्या धर्माचे जे चित्र परदेशीय वर्गात रंगविले जात असेल, त्याला आपण हेच तीन प्रश्न विचारू; तेव्हा दुसऱ्याच्या धर्माचे चित्र रंगविताना ते आपणच आपल्याला विचारणे, एवढाच यातील न्याय आहे.